खूण कोणाची, राखण कोणाची?

आपल्याकडे समीक्षा म्हटली की ती पुस्तकाचीच असते. कविता, कथा, आत्मकथन यांवर आपण गेली पन्नासहून अधिक वर्षे हिरिरीने भांडलो, आणि ते आवश्यकच होते. पण माणसाच्या अंगावर जी वस्तू चढवली जाते तीही कोणीतरी कल्पिलेली असते, कोणीतरी घडवलेली असते आणि ती कोणाला तरी उद्देशून काही सांगत असते. तिलाही वाचक असतो. म्हणून या लेखात मी पुस्तकाऐवजी काही वस्तू वाचायला घेतल्या आहेत. मनगटातली साखळी, गळ्यातली फीत, पिशवीला लटकवायचा बिल्ला आणि खिशातले सरकारी कार्ड. ज्यांचा आजार डोळ्यांना दिसत नाही अशा माणसांचे रक्षण करायचे आणि त्यांच्या आजाराची दखल समाजाला घ्यायला लावायची, हा या वस्तूंचा दावा आहे. दावा चांगला आहे. मात्र अंगावर खूण वागवण्याचा अनुभव आमच्या समाजाला नवा नाही, आणि तो अनुभव बाजूला ठेवून या वस्तूंचे कौतुक करणे मला शक्य नाही.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये पेशवाईतल्या अस्पृश्याच्या अंगावरील वस्तूंची नोंद करून ठेवली आहे. मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा. पुण्यात कमरेला झाडू आणि थुंकी झेलण्यासाठी गळ्यात मडके. मडके आणि झाडू यांची चर्चा आपल्या भाषणांतून पुष्कळ झाली, दोऱ्याची कमी झाली. वस्तू म्हणून या दोऱ्याकडे पाहा. स्वस्त, टिकाऊ, घामाने न विरणारा, वापरायला कसलेही शिक्षण न लागणारा. त्याचे काम अगदी नेमके होते. सवर्णाला चुकून विटाळ होऊ नये म्हणून तो होता. म्हणजे वस्तू एकाच्या अंगावर आणि राखण दुसऱ्याची. मनुस्मृतीचा दहावा अध्याय तर याहून पुढे जातो. चांडाळांना तो लोखंडाचे दागिने नेमून देतो आणि राजाने ठरवून दिलेल्या खुणा वागवूनच त्यांनी दिवसा कामापुरते फिरावे असे बजावतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला गेला तेव्हा अंगावरच्या खुणांचे हे शास्त्रही जळाले, असे मी मानतो.

गंमत अशी की तसाच काळा दोरा आमच्या आया लेकरांच्या कमरेला, मनगटाला बांधत आल्या. दृष्ट लागू नये म्हणून, ताप उतरावा म्हणून. भगताचा गंडा, फकिराचा ताईत हे त्याचेच भाऊबंद. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या अनेक घरांतून ते उतरले, आणि उतरले ते योग्यच झाले. ताईताने एकाही पोराचे रक्त सुधारले नाही. तरीही एक फरक नोंदवला पाहिजे. आईने बांधलेला दोरा लेकराच्या बाजूचा होता. पोर आजारी आहे, त्याला जपा, एवढेच तो सांगत होता. राजाने बांधलेला दोरा त्या पोरापासून इतरांना जपा असे सांगत होता. दोरा तोच, फक्त बांधणारा हात बदलला होता. पुढे ज्या वस्तूंविषयी मी लिहिणार आहे त्या सगळ्यांना मला हाच प्रश्न विचारायचा आहे.

माझ्यापुढे उदाहरण आहे ते सिकलसेलचे. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचिक असतात. या आजारात प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकतात, ताठरतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. जिथे रक्त अडते तिथे कळा सुरू होतात. पाणी कमी पोटात गेले, थंडी लागली, ताप आला, अंगमेहनत जास्त झाली की हा झटका येतो. हाडे आतून ठणकतात. बाहेरून मात्र सूज नाही, जखम नाही, रक्ताचा थेंब नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक खेपेला मूल रुग्ण म्हणून जन्मण्याची शक्यता चारात एक असते. नुसता वाहक बहुधा निरोगी आयुष्य जगतो.

विदर्भात हा आजार गोंड, माडिया, परधान या आदिवासी समूहांत आहे, तसाच तो पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आहे. हे वाक्य लिहिताना हात अडखळतो. जात रक्तातच असते असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना हे आयते हत्यार वाटेल. म्हणून थोडे स्पष्ट करतो. हाच दोष आफ्रिकेत आहे, भूमध्य समुद्राच्या काठी आहे, अरबस्तानात आहे. जिथे मलेरियाचा कहर होता तिथे वाहकांना त्या तापापासून काहीसे संरक्षण मिळाले आणि तो दोष पिढ्यानुपिढ्या टिकला. डास जात विचारत नाही. मग हा दोष जातींच्या चौकटीत साचून का राहिला? याचे उत्तर बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातल्या आपल्या निबंधात देऊन ठेवले आहे. पोटजातीतल्या पोटजातीत लग्न, हेच जातीचे मर्म. डासाने दोष टिकवला आणि बेटीबंदीने तो कुंपणात कोंडला. रक्ताची जात नसते, पण जातीने रक्ताभोवती भिंत बांधली.

माझ्या धाकट्या बहिणीला हा आजार आहे. तिच्या शाळेच्या दिवसांत रात्री-अपरात्री तिला सायकलवर घालून आम्ही दवाखाना गाठत असू. तिथल्या एका डॉक्टरांनी तिची नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि हसून विचारले, परीक्षा जवळ आली वाटते? पुढे ती रोवणीच्या कामाला जाऊ लागली तेव्हा मुकादमाने तिला कामचोर ठरवले. नात्यातल्या बायका म्हणत, पोरीच्या अंगात काही नाही, नाटक आहे. पुढे रक्तपुरवठा तुटून तिच्या खुब्याचे हाड झिजले आणि ती लंगडू लागली. तेव्हा याच सगळ्या माणसांना एकदम तिची दया आली. आजार डोळ्यांना दिसेपर्यंत हाड गेलेले होते. अदृश्य आजाराच्या माणसाला काय हवे असते, हे मला तेव्हा कळले. दयेच्या आधी त्याला विश्वास हवा असतो. आणि आपल्या व्यवस्थेत कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा हे शब्द ऐकण्याच्या आधीच ठरलेले असते. उच्चभ्रू बाई डोके धरून बसली तर अर्धशिशी, मजूर बाई बसली तर आळस.

म्हणूनच एखादी वस्तू असावी, जी तिच्या वतीने बोलेल, हा विचार मोहात पाडणारा आहे. पण कोणती वस्तू? सिकलसेलच्याच इतिहासात याचे एक भयानक उत्तर दिले गेले आहे. लायनस पॉलिंग हे विसाव्या शतकातले थोर रसायनशास्त्रज्ञ. सिकलसेल हा रक्तातल्या एका रेणूचा आजार आहे हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली सिद्ध केले. १९५४ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले आणि १९६२ सालचे शांततेचेही. याच पॉलिंग यांनी १९६८ साली असे सुचवले की ज्या तरुण-तरुणींत हा दोष आहे त्यांच्या कपाळावर एक खूण गोंदवावी. म्हणजे दोन वाहक एकमेकांना पाहतील आणि प्रेमात पडण्याआधीच सावध होतील. शांततेचे नोबेल मिळवणारा, अणुचाचण्यांविरुद्ध लढणारा हा माणूस होता. त्याच्या मनात द्वेष नसावा. पण ज्या समाजात काळ्या माणसाचे कपाळ आधीच वाचले जात होते तिथे आणखी एक खूण गोंदवण्याचा अर्थ काय होतो, हा प्रश्न त्यांना पडला नाही. आम्हाला तो लगेच पडतो, कारण चिन्हांकित करून फिरवले जाणे म्हणजे काय ते आमच्या आजा-पणजांनी भोगलेले आहे.

आता आपल्याकडचे कार्ड पाहू. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७पर्यंत आजार संपवायचा आणि त्यासाठी तीन वर्षांत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, हे तिचे घोषित उद्दिष्ट. तपासणी होणे ही चांगलीच गोष्ट आहे, तिला विरोध करण्याचा करंटेपणा मी करणार नाही. तपासलेल्यांना निकालाप्रमाणे वेगवेगळ्या रंगांची कार्डे मिळतात. प्रचारात या कार्डाची तुलना कुंडलीशी केली जाते. लग्नाआधी कुंडली जुळवता तसे कार्ड जुळवा.

ही उपमा मला फार बोलकी वाटते. कार्डाचा मनातला वाचक कोण, हे ती सांगून टाकते. तो डॉक्टर नाही, मुकादम नाही, शाळेतला मास्तर नाही. तो मुलीचा होणारा सासरा आहे. मी पाहिलेल्या कार्डांवर नाव होते, गाव होते, तपासणीचा निकाल होता. झटका आला तर काय करावे, कोणते औषध हिला लागू पडते, ताप आला तर तासभरही का थांबू नये, यातले काही नव्हते. कार्ड पुढच्या पिढीची काळजी करते. हे कार्ड ज्याच्या खिशात आहे तो मात्र आज रात्री कण्हत असतो. 'निर्मूलन' हा शब्दच तपासून पाहा. आजाराचे निर्मूलन आणि आजारी माणसाचे रक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर भर दिला आणि दुसरी विसरली, तर रुग्ण हा एक चुकलेला हिशेब ठरतो.

शिवाय कुंडली कोण जुळवतो? जातीच्या आत लग्न ठरवणारा. म्हणजे ज्या कुंपणात दोष कोंडला गेला ते कुंपण जसेच्या तसे ठेवायचे आणि आत फक्त जोड्या बदलायच्या. जातीबाहेरचे लग्न हा काही सिकलसेलवरचा उपाय नव्हे, वाहक वाहकाला कुठेही भेटू शकतो. पण आरोग्याच्या कागदाला कुंडलीचे रूप देण्यात एक सांस्कृतिक आज्ञाधारकपणा आहे, आणि आंबेडकरी चळवळीने त्यावर बोट ठेवायला हवे होते. व्यवहारात त्याचा भार पडतो मुलीवर. मुलाचे कार्ड बहुधा पेटीत राहते आणि मुलीचे कार्ड पाहुण्यांपुढे ठेवले जाते. वाहक मुलीला रुग्ण समजून नकार दिलेली स्थळे मला माहीत आहेत.

या मोहिमेची भाषा मुख्यतः आदिवासी क्षेत्रांची आहे. आदिवासींना अग्रक्रम मिळालाच पाहिजे. पण नागपूरच्या वस्तीतला बौद्ध रुग्ण त्या भाषेत धड बसत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत सिकलसेलचा समावेश केला, हा मोठा विजय होता. मात्र त्याच कायद्याच्या चौतिसाव्या कलमात सरकारी नोकऱ्यांतले जे चार टक्के आरक्षण आहे त्यातून रक्ताचे आजार वगळलेले आहेत. आणि इतर लाभांसाठी चाळीस टक्के अपंगत्व सिद्ध करावे लागते. ज्या आजारात माणूस सोमवारी खाटेला खिळतो आणि शुक्रवारी चालतो, त्याची टक्केवारी काढायची कोणत्या दिवशी? वैद्यकीय मंडळापुढे रुग्ण उभा राहतो तो बहुधा त्याच्या बऱ्या दिवशी, कारण वाईट दिवशी तो तिथपर्यंत पोचू शकत नाही.

एवढे पाहिल्यावर परदेशातल्या वस्तूंकडे वळतो. सगळ्यांत जुनी म्हणजे मेडिकअ‍ॅलर्टची साखळी. कॅलिफोर्नियातल्या टरलॉक गावचे डॉ. मेरियन कॉलिन्स यांच्या मुलीला १९५३ साली धनुर्वाताच्या प्रतिविषाने प्राणांतिक प्रतिक्रिया आली. पुन्हा असे होऊ नये म्हणून आईवडील आधी कागदाची चिठ्ठी तिच्याबरोबर देत. मुलगी मोठी झाल्यावर वडिलांनी चांदीची साखळी घडवून घेतली आणि १९५६ साली त्यातून संस्था उभी राहिली. कागदाकडून चांदीकडे झालेला हा प्रवास मला महत्त्वाचा वाटतो. तरुण मुलीला लाज वाटणार नाही, उलट मिरवावेसे वाटेल, असे त्या बापाला सुचले. आईच्या दोऱ्याचीच ही जात म्हणायची. पण या साखळीची कल्पना अशी की घालणारा बेशुद्ध आहे आणि वाचणारा सुशिक्षित, सद्भावी डॉक्टर आहे. ती मुक्याच्या वतीने बोलते. सिकलसेलचा रुग्ण मुका नसतो, तो ओरडत असतो. ऐकणाराच त्याचे खरे मानत नाही. अविश्वासावर साखळी काय करणार?

याचा पुरावा लंडनचाच आहे. २०१९ साली तिथल्या एका रुग्णालयात दाखल असलेल्या एकवीस वर्षांच्या सिकलसेल रुग्णाने खाटेवरून आपत्कालीन सेवेला फोन लावला आणि प्राणवायू मागितला. तो वाचला नाही. आजार काय ते तिथे सगळ्यांना ठाऊक होते. माहितीची उणीव नव्हतीच. २०२१ साली ब्रिटिश संसदेतल्या सर्वपक्षीय गटाने या रुग्णांच्या वागणुकीवर अहवाल काढला. त्याच्या नावाचाच अर्थ, कोणी ऐकत नाही, असा आहे. आणि हे त्या देशात, जिथे सिकलसेलच्या झटक्यात रुग्ण आल्यापासून अर्ध्या तासात वेदनाशामक द्यावे, अशी मार्गदर्शक सूचना 'नाईस' या संस्थेने २०१२ सालीच काढलेली होती.

सूर्यफुलांची हिरवी फीत अलीकडची. २०१६ साली लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ती सुरू झाली आणि आता बंगळूर, दिल्लीसारख्या आपल्या विमानतळांवरही आली आहे. ती गळ्यात घालणाऱ्याला अदृश्य अपंगत्व आहे, एवढेच कर्मचाऱ्याने समजावे आणि काय मदत हवी ते विचारावे. आजाराचे नाव ती सांगत नाही. घालायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे. काढून खिशात ठेवता येते. राजाच्या दोऱ्यापासून ही फीत किती दूर आली आहे ते यावरून कळेल. पण ती विमानतळावर जन्मली हे विसरता येत नाही. आमच्या माणसाला गरज लागते ती रोजगार हमीच्या कामावर, परीक्षेच्या हॉलमध्ये, वीटभट्टीवर. तिथे फीत ओळखणारा कर्मचारी कुठून आणायचा? करोनाच्या काळात ब्रिटनमध्ये मुखपट्टी चुकवण्यासाठी अनेकांनी ही फीत विकत घेऊन घातली, आणि संशय पुन्हा खऱ्या रुग्णाच्याच वाट्याला आला.

लंडनच्या रेल्वेत २०१७पासून 'मला बसायला जागा द्या' असे सांगणारा निळा बिल्ला मिळतो. त्यामागे एका प्रवाशाची हकिकत आहे. घशाच्या कर्करोगाचे उपचार चालू असताना त्याला बोलता येत नव्हते आणि वेदनाशामकामुळे तो झिंगलेला दिसे. लोक त्याला दारुडा समजत. शेवटी त्याने आपला बिल्ला आपणच केला. आमच्या वस्त्यांतल्या किती आजारी पुरुषांना दारुडा ठरवून रस्त्यावर सोडून दिले गेले असेल, हा विचार ती हकिकत वाचताना मनात आल्याशिवाय राहिला नाही.

या सगळ्यांत मला उजवा वाटतो तो टोकियोचा मदत-बिल्ला. २०१२ साली तिथल्या महानगर शासनाने तो काढला. लाल पट्टी, त्यावर पांढरा क्रूस आणि हृदय. स्वतःच्या पायात कृत्रिम सांधा असलेल्या एका लोकप्रतिनिधी बाईंच्या पुढाकारातून तो आला. तो फुकट मिळतो, प्रमाणपत्र मागितले जात नाही. मागच्या बाजूला चिठ्ठी चिकटवून आपल्याला नेमकी कोणती मदत लागेल ते आपल्या हाताने लिहायचे. मला काय झाले आहे, असे तो सांगत नाही. तुम्ही काय करायचे आहे, ते सांगतो. समीक्षेच्या भाषेत बोलायचे तर इथे निवेदन प्रथमपुरुषी आहे. सरकारी कार्डात ते तृतीयपुरुषी आहे. आपण आत्मकथनांसाठी ज्या एका गोष्टीकरिता भांडलो, की आमच्याविषयी दुसऱ्याने लिहू नये, आम्ही लिहू, ती गोष्ट या छोट्या लाल पट्टीत मला सापडली.

आत्मकथनांचा विषय निघालाच आहे तर एक निरीक्षण मांडतो. आमच्या साहित्याने चाबकाचे वळ दाखवले, उपाशी पोट दाखवले, बलात्कारित देह दाखवला. परंतु माझ्या वाचनात आजार बहुधा मरणाच्या प्रसंगापुरता येतो. वर्षानुवर्षे आतून पोखरणारा, न दिसणारा आजार घेऊन जगणारा माणूस क्वचितच भेटतो. खुद्द बाबासाहेब मधुमेहाने आणि पायांच्या असह्य दुखण्याने ग्रासलेले असताना राज्यघटनेचे काम करीत होते. आपण त्यांचा कोट, त्यांचे बोट, त्यांचे पुस्तक पुतळ्यात आणले. त्यांचे दुखणे पुतळ्यात येत नाही. लढणारा देह निरोगीच असला पाहिजे, असा काहीसा समज चळवळीनेही नकळत जोपासला असावा.

याबाबतीत कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्री ऑड्री लॉर्ड आपल्यापुढे गेल्या. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या 'द कॅन्सर जर्नल्स'मध्ये त्यांनी स्तन काढून टाकल्यानंतरची हकिकत लिहिली आहे. शस्त्रक्रियेनंतर त्यांना लोकरीचा खोटा स्तन आणून देण्यात आला, कपड्याखाली ठेवण्यासाठी. त्यांनी तो नाकारला. तशाच त्या डॉक्टरांकडे गेल्या तेव्हा परिचारिकेने सुनावले की असे येण्याने इतरांच्या मनोधैर्यावर परिणाम होतो. ही वस्तू काळ्या दोऱ्याच्या अगदी उलट आहे. दोरा दाखवायला लावतो, ही झाकायला लावते. पण राखण दोन्हींत दुसऱ्याचीच. बघणाऱ्याला त्रास होऊ नये! म्हणून मी 'दिसणे चांगले की लपणे चांगले' या वादात शिरत नाही. दाखवण्याचा आणि झाकण्याचा हक्क कोणाच्या हाती आहे, ते मी पाहतो.

वस्तू निःपक्षपाती असते असा एक भाबडा समज आहे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घ्या. २०२० साली करोनात आशाताईंनी तो घेऊन घरोघर फेऱ्या मारल्या. त्याच वर्षी डिसेंबरात 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा अभ्यास आला. प्राणवायू प्रत्यक्षात घटलेला असताना यंत्राने तो ठीक दाखवण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के आणि काळ्या रुग्णांत ११.७ टक्के होते. यंत्र त्वचेतून प्रकाश पाठवते आणि काळ्या त्वचेपाशी चुकते. यंत्र जुळवताना समोर कोणाची बोटे होती, हे यावरून समजावे. सिकलसेलच्या रुग्णाला तर प्राणवायूचा आकडा म्हणजे जीव.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव घेतले ते ब्लॅक पँथरचे. त्यांच्या काळ्या जाकिटांची छायाचित्रे आपल्याकडे पोचली. त्यांच्या रक्ततपासणीच्या टेबलाची बातमी फारशी पोचली नाही. १९७१पासून त्या पक्षाने काळ्या वस्त्यांत सिकलसेलची फुकट तपासणी सुरू केली होती, कारण सरकारने या आजाराकडे दुर्लक्ष केले ते काळ्यांचा आजार म्हणूनच, असे त्यांचे म्हणणे होते. १९७२ साली अमेरिकेत सिकलसेलचा राष्ट्रीय कायदा झाला. मग काय झाले तेही पाहिले पाहिजे. काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली आणि निरोगी वाहकांना विमा, नोकरी नाकारली जाऊ लागली. हवाई दलाच्या प्रबोधिनीचे दरवाजे वाहकांना १९८१पर्यंत बंद होते. तपासणीचे टेबल वस्तीच्या हातात असताना जी माहिती ढाल होती, तीच मालकाच्या फायलीत गेल्यावर तलवार झाली.

मग आपल्या रुग्णासाठी वस्तू घडवायची तर कशी घडवावी? एक कार्यकर्ता मित्र मला म्हणाला, आयुष्यभर आपण खुणा उतरवायला लढलो आणि सर आता नवी खूण लटकवायला निघाले. त्याचा आक्षेप मी हलका मानत नाही. म्हणून पहिली अट अशी की ती मिटवता यावी, आत घेता यावी. बाहेरून तिच्यावर रोगाचे नाव नको, समूहाची खूण नको, एकट्या सिकलसेलचा असा वेगळा रंगही नको. मधुमेही, अपस्माराचा रुग्ण, हृदयरोगी, सिकलसेलवाली सगळ्यांची एकच. ब्राह्मणाच्या पोराच्या गळ्यातही तीच दिसली पाहिजे. आतल्या बाजूला रुग्णाच्या शब्दांत लिहिलेले असावे. मराठीत आणि लागेल तिथे गोंडीत. मला झटका आला आहे, मी नाटक करत नाही, मला पाणी द्या, ऊब द्या, ताप असेल तर थांबू नका, हे औषध मला चालते. चिखलात रोवणी करणाऱ्या बाईच्या मनगटात साखळी टिकत नाही, विळ्यात अडकते. तिच्यासाठी पोलक्याच्या आतला शिवलेला कप्पा बरा. हे ठरवायला चित्रकार नंतर बोलवा, आधी त्या बाईला विचारा.

आणि मला वाटते, अशी वस्तू नुसती सांगणारी नसावी, करणारीही असावी. या आजारात पाणी हेच औषध आहे. खांद्याला अडकवायची पाण्याची बाटली, कापडी आवरणाची, दिवसभर पुरेल एवढी. ऐकायला क्षुल्लक वाटेल. पण दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याच्या विहिरीपाशी, ओंजळीत वरून ओतलेले पाणी प्यायची वाट पाहत जिने दिवस काढले आहेत, तिला स्वतःचे पाणी स्वतःच्या खांद्यावर असणे म्हणजे काय ते विचारा. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला. मजुराला मागेल तेव्हा पाणी अजूनही सर्वत्र मिळत नाही, आणि सिकलसेलच्या मजुराला ते न मिळणे म्हणजे संध्याकाळी झटका. हिवाळ्यात अंगावर गरम कपडा हवा, शाळेच्या गणवेशात बसत नसला तरी. गणवेशाचा नियम मोडण्याची लेखी मुभा त्याच आतल्या चिठ्ठीवर असावी.

वस्तू वाचणाऱ्यावर बंधन नसेल तर हे सगळे व्यर्थ आहे. अर्ध्या तासात वेदनाशामक, ही अट ग्रामीण रुग्णालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लागली पाहिजे आणि ती न पाळणाऱ्याला जाब विचारणारी यंत्रणा हवी. लंडनच्या त्या तरुणाचे उदाहरण समोर असताना नुसत्या बिल्ल्यावर विसंबणे मूर्खपणाचे ठरेल. आपल्या विद्यार्थी संघटनांना, शिक्षकांना इथे काम आहे. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत, वसतिगृहात, रोजगार हमीच्या कामावर ही खूण वाचायला शिकवायचे.

राहतो तो लहान मुलाचा प्रश्न. मोठ्या माणसाने खूण घालायची की नाही ते आपले आपण ठरवावे, हे म्हणणे सोपे आहे. सहा वर्षांच्या पोराचे कोण ठरवणार? आई म्हणते घाल, कारण मास्तर त्याला उन्हात उभे करतात. पोर म्हणते नको, कारण बाकावरचा मुलगा सरकून बसतो. मला दोघांचेही पटते. सध्या आमच्या वस्तीतल्या दोन आयांनी पोरांच्या दप्तराच्या झाकणाला आतून खिसा शिवला आहे. चिठ्ठी त्यात असते. मास्तरांना ती कुठे आहे ते सांगून ठेवले आहे, आणि मधल्या सुट्टीत बाटली रिकामी झाली की नाही ते पाहायचे काम वर्गातल्या एका मोठ्या मुलीकडे दिले आहे.